भंगुरतारा आणि त्याला वर आणणारे हात

यंदाच्या मालेसाठी विषय विचारण्यात आला तेव्हा आम्ही 'भंगुरतारा' हे नाव कळवले. ते वाचून पुष्कळांनी आम्हास विचारले की, कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाचे समुद्राच्या तळाशी काय काम? शिवाय लातूर काय आणि नांदेड काय, दोन्ही गावे समुद्रापासून शेकडो मैल आत. आपल्याकडे ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाच नाही अशी कितीतरी वडीलधारी माणसे आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी एक लहानसा प्रसंग सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेतील परिचरांच्या वेतनश्रेणीचे प्रकरण घेऊन आम्ही गेलो होतो. बैठकीला वेळ होता म्हणून प्राणिशास्त्राच्या खोलीत बसलो. कपाटात काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. एका बरणीत रुपयाएवढी चकती आणि तिच्यातून निघालेले पाच बारीक, काटेरी, सापासारखे वळलेले हात दिसले. आम्ही बरणी उचलून उजेडात धरणार, तोच परिचर म्हणाला, "साहेब, हलवू नका. हात गळतात त्याचे." तळाशी खरोखरच दोन तुकडे पडलेले होते. त्या गृहस्थाने तीस वर्षे त्या बरण्यांतला द्रव बदलला होता आणि कोणती बरणी कशी धरायची हे त्याला पाठ होते. बरणीवरील चिठ्ठीत प्राण्याचे लॅटिन नाव होते, किनाऱ्याचे नाव होते. समुद्रातून तो कोणी काढला आणि इतकी वर्षे कोणी जपला, हे मात्र नव्हते. त्या दिवसापासून हा प्राणी आमच्या मनातून गेला नाही. त्याविषयी जे मिळाले ते वाचले, न समजले ते जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपणापुढे ठेवीत आहोत.

दुसरे उत्तर आपल्या नद्यांचे आहे. मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहत जाते आणि पुढे गोदावरीस मिळते. गोदावरी नांदेडच्या घाटांवरून जाऊन बंगालच्या उपसागरात शिरते. आपल्या शेतांतली काळी माती पावसाळ्यात या पाण्याबरोबर निघते आणि समुद्राच्या तळावर बसते. गोदावरीच्या मुखापुढील तळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून त्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढत गेला, असे त्यात दिसून आले. हवामान कोरडे झाले आणि शेती पसरली, ही त्याची कारणे होत. समुद्रतळाच्या अशा चिखलात चकती पुरून, केवळ हातांची टोके पाण्यात वर काढून बसणारे भंगुरतारे असतात. तेव्हा त्यांचा आणि आपला संबंध नाही असे कोण म्हणेल? ज्या मातीवर आपण भांडतो, तिच्यातला एक हिस्सा त्यांच्या घराला लागतो.

आपल्या पायाखाली मात्र त्यांचे अवशेष शोधण्यात अर्थ नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस जमिनीत खोल छिद्र घेण्यात आले. तेथे ३३८ मीटर जाडीचा काळा अग्निजन्य पाषाण लागला, त्याखाली सुमारे आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भंगुरताऱ्यांचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे दख्खनचे पठार तयार झाले तेव्हा ही जात म्हातारी झालेली होती. त्यांच्या भाऊबंदांपैकी समुद्री साळूंचे पाषाणरूप सांगाडे आपल्याकडून उत्तरेस, नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातील बाघ गावाच्या परिसरात सापडतात. कारण लाव्हा येण्यापूर्वी तेथवर समुद्राचा एक फाटा शिरलेला होता.

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे वळू. भंगुरतारा हा कंटकचर्मी वर्गातला. तारामासा, समुद्री साळू, समुद्री काकडी ही त्याची भावकी. तारामाशाचे हात मधल्या अंगातून हळूहळू फुटतात. अंग कोठे संपले आणि हात कोठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही. भंगुरताऱ्याचे तसे नाही. त्याची चकती वेगळी, हात वेगळे. चकती बहुधा एक ते तीन सेंटिमीटरची. हात तिच्या कितीतरी पट लांब, आणि मोठ्या जातींत साठ सेंटिमीटरपर्यंत पोचणारे. चकतीवर खवले किंवा बारीक दाणे असतात आणि प्रत्येक हाताच्या मुळाशी ढालीसारख्या दोन तबकड्या. रंगाला मर्यादा नाही: करडा, तपकिरी, जांभळा, लाल, हिरवा, आणि हातांवर आडवे पट्टे.

हाताची बांधणी पाहण्यासारखी आहे. आत मण्यांची माळ असावी तशी हाडकांची रांग असते. प्रत्येक मणी दोन तुकडे एकत्र जुळून झालेला. आपल्या पाठीच्या कण्याशी त्याचे साम्य इतके की शास्त्रज्ञांनी त्यास कशेरुकाचेच नाव दिले. वास्तविक आपल्या कण्याशी त्याचे नाते काडीचेही नाही. या मण्याभोवती चार तबकड्यांचे चिलखत: एक वर, एक खाली, दोन बाजूंना. काटे असतात ते बाजूच्या तबकड्यांवर. प्रत्येक तबकडी चुनखडीच्या एकाच स्फटिकाची असते, पण ती भरीव नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती जाळीदार दिसते. हलकी आणि मजबूत. हात वाढतो तो टोकाकडून. नवा मणी नेहमी शेवटच्या तबकडीच्या मागे बसतो.

तारामाशाच्या हाताखाली उघडी खाच असते आणि तिच्यात शोषक चकत्या असलेले नलिकापाद ओळीने असतात. त्यांच्या बळावर तो चिकटत चिकटत सरकतो. भंगुरताऱ्याची ती खाच झाकलेली आहे. त्याचे नलिकापाद आहेत, पण त्यांस शोषक चकती नाही. ते अन्न पुढे सरकवण्याच्या आणि चाचपण्याच्या कामी येतात. चालायचे काम हात करतात. पाण्यात वल्हे मारावे तसे दोन हात मारून तो पुढे झेपावतो, म्हणून तारामाशापेक्षा तो कितीतरी चपळ.

पोट सारे चकतीत. ते नुसती पिशवी आहे. त्याचे फाटे हातांत जात नाहीत. तोंड खालच्या अंगास, त्यात पाच जबडे, जबड्यांवर दात. मागचे द्वार नाही. जे पचले नाही ते आल्या वाटेने बाहेर टाकायचे. शरीरात पाणी घेण्याची चाळणी तारामाशात पाठीवर असते, ती येथे खाली तोंडापाशी असते. हातांच्या मुळाशी दहा चिरा असतात. त्यांच्या आतल्या पिशव्यांतून श्वासोच्छ्वास होतो आणि बीजे बाहेर पडतात. काही जातींत पिले त्या पिशव्यांतच वाढतात. डोके नाही, मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आणि त्यातून प्रत्येक हातात गेलेली एक दोरी, एवढाच कारभार.

आज सुमारे २१०० जाती ज्ञात आहेत. कंटकचर्मींत एवढी मोठी शाखा दुसरी नाही. भरतीच्या रेषेजवळच्या दगडाखालपासून हजारो मीटर खोल काळोखापर्यंत त्या पसरल्या आहेत. काहींचे हात फांद्यांसारखे पुन्हा पुन्हा फुटून जाळे होते. त्यांस करंडतारे म्हणावे. उष्ण समुद्रांत स्पंजाच्या छिद्रांत राहणारी एक लहान जात सहा हातांची असते. ती मधोमध दुभंगते, आणि प्रत्येक अर्ध्याला तीन हात नवे फुटून एकाचे दोन प्राणी होतात.

आता नावातल्या 'भंगुर' शब्दाकडे येऊ. हात लावला की हा प्राणी हात टाकतो, म्हणून लोकांनी त्यास ठिसूळ म्हटले. १८४१ साली एडवर्ड फोर्ब्झ या निसर्गशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या तारामाशांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने स्वतःच्या फजितीची हकीगत दिली आहे. ती भंगुरताऱ्याची नसून तशाच तुटणाऱ्या एका तारामाशाची आहे. पहिला प्राणी नावेत अखंड आला, पण पुढे उचलू जाताच त्याचे तुकडे झाले. पुढच्या खेपेस फोर्ब्झ गोड्या पाण्याची बादली घेऊन गेला, की प्राणी त्यात चटकन मरावा आणि अखंड मिळावा. पण बादली जवळ येताच प्राण्याने स्वतःचे तुकडे केले, आणि फोर्ब्झच्या हाती एका हाताचे टोक तेवढे राहिले.

यात सगळा मुद्दा आला आहे. काच ठिसूळ असते. ती पडली म्हणजे फुटते, तिची इच्छा असो वा नसो. भंगुरतारा तसा फुटत नाही. त्याच्या मण्यांना एकत्र बांधणारे जे तंतू आहेत ते मज्जातंतूंच्या हुकमाने क्षणांत सैल होतात आणि हात सुटतो. १९७० नंतरच्या दशकांत ग्लासगोचे आयन विल्की यांनी या तंतूंचा बारकाईने अभ्यास केला. म्हणजे हे तुटणे नव्हे, सोडणे आहे. मासा हात धरून ओढतो तेव्हा हात त्याच्या तोंडात वळवळत राहतो आणि धनी निसटतो. गेलेला हात पुढे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा येतो.

येथे आम्हास थोडे थांबावेसे वाटते. हात परत येतो एवढेच ऐकून कोणी म्हणेल, मग त्याचे काय गेले? पुष्कळ जाते. हात भरून येईपर्यंत त्याचे खाणे कमी होते, आणि अंगाच्या वाढीवर व बीजांवर खर्चायचे अन्न हातावर खर्च होते. हात परत येतो म्हणून तो फुकटचा नाही. आम्ही जिनिंगमध्ये बोटे गेलेली माणसे पाहिली आहेत. त्यांची बोटे तर परत आलीही नाहीत, आणि भरपाईच्या कागदावर बोटाची किंमत लिहिताना मात्र लोक फार हिशेबी होत. निसर्ग काही फुकट देत नाही, एवढे या प्राण्यापासून शिकण्यास हरकत नाही.

आता त्याच्या ओळखीचा इतिहास. १७३३ साली लाइपझिग येथील योहान हाइनरिख लिंक याने समुद्रताऱ्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा लिंक विद्यापीठातला पंडित नव्हे. तो औषधे विकणारा होता. दुकानाच्या जोडीने त्याने दुर्मिळ वस्तूंचा संग्रह केला होता. ज्यांच्या हाताखाली उघडी खाच आहे ते वेगळे आणि ज्यांचे हात अखंड आहेत ते वेगळे, हा भेद त्याने नेमका टिपला. पंचवीस वर्षांनी, १७५८ साली, लिनियसने प्राण्यांची मोठी यादी केली तेव्हा सर्व समुद्रतारे एकाच पोटात कोंबले. थोराचे नाव मोठे, म्हणून दुकानदाराचे खरे निरीक्षण काही काळ मागे पडले. पुढे १८०१ साली लामार्कने त्यांना वेगळे काढले आणि ग्रीक शब्दांवरून 'सर्पपुच्छ' या अर्थाचे नाव दिले. १८४० साली ग्रे याने सबंध वर्गाला तेच नाव लावले. १८४२ साली योहानेस म्यूलर आणि फ्रान्झ ट्रोशेल यांनी त्यांची पद्धतशीर मांडणी केली.

याच म्यूलरने पुढे एक मोठा वाद जन्मास घातला. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटापाशी बारीक जाळ्याने पाणी गाळताना त्याला एक विचित्र सूक्ष्म जीव मिळाला. लांब दांडे फुटलेल्या, चित्रकाराच्या घोडीसारख्या दिसणाऱ्या या जीवाचे वर्णन त्याने १८४६ साली केले. तो भंगुरताऱ्याचे बालरूप निघाला. पण समुद्री साळूचे बालरूपही जवळजवळ असेच असते, आणि तारामाशाचे मात्र अगदी निराळे! मग प्रश्न पडला की भंगुरतारा कोणाचा सख्खा? बालपण पाहावे तर साळूचा, मोठेपण पाहावे तर तारामाशाचा. हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. दोन्ही बाजूंना मोठी माणसे होती आणि दोन्ही बाजूंना पुरावा होता. अखेर जनुकांची तुलना करणारे मोठे अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि पारडे तारामाशाकडे झुकले. बालरूपाचे साम्य नात्यातून आलेले नव्हते. पाण्यात तरंगत अन्न मिळवण्याचे काम एकच, म्हणून रूप सारखे झाले होते. जन्माच्या वेळचे रूप पाहून कुळ ठरवणाऱ्यांची अशी फसगत झाली. आपल्या समाजाला ही गोष्ट सांगण्याजोगी आहे, पण तिचा अर्थ श्रोत्यांनीच लावावा.

या इतिहासाचा आपल्याकडील अध्याय मुंबईच्या गोदीत सुरू होतो. मुंबईच्या गोदीची कीर्ती जुनी. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून तेथे आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या सागवानी जहाजे बांधली. ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला ते मुंबईचे. १८१७ साली येथेच बांधलेले 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. याच गोदीत १८८१ साली 'इन्व्हेस्टिगेटर' नावाची लाकडी आगबोट तयार झाली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांची मोजणी करणे, खडक आणि उथळे नकाशावर आणणे, हे तिचे नेमलेले काम. त्यातून सवड मिळाली की खोल समुद्रात जाळे सोडायचे. बोटीवर एक शल्यवैद्य असे आणि तोच निसर्गशास्त्रज्ञ. १८८८ ते १८९२ या काळात ही जागा आल्फ्रेड अल्कॉक याने सांभाळली. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला आणि १९०२ साली त्याने त्या सफरींवर एक वाचनीय पुस्तक लिहिले.

या तारखांना आमच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' तयार झाली त्याच १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामास लावू नये आणि बारा वर्षांखालील मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, ही त्याची मुख्य झेप. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काही नव्हते. अल्कॉक समुद्रात जाळी टाकीत होता तेव्हा मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, आणि १८९० साली कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. एकाच शहरातून दोन शोध चालले होते. एक समुद्राच्या तळाचा आणि एक समाजाच्या तळाचा. दोघांची गाठ पडली नाही.

मैलभर खोल जाळे सोडणे म्हणजे काय, याचा विचार करावा. लोखंडी तारेचा दोर तासन्तास सोडायचा, जाळे तळावरून फरफटवायचे आणि वाफेच्या रहाटाने पुन्हा तासन्तास वर ओढायचे. दोर तुटला तर सगळा दिवस वाया. जाळे डेकवर आले की चिखलाचा ढीग. तो धुवायचा, गाळायचा आणि त्यातून बोटभर जीव अलगद निवडायचे. जो प्राणी धक्का लागताच हात टाकतो, तो मैलभर वर ओढून अखंड मद्यार्कात घालायचा! हे एकट्या शल्यवैद्याचे काम नव्हे. अशा बोटींवर सारंग, तांडेल, खलाशी, कोळसा टाकणारे, सुतार अशी माणसे असत. त्यांच्या हातांवाचून एकही भंगुरतारा कलकत्त्यास पोचता ना.

कलकत्त्याहून हे जीव परीक्षणासाठी फ्रान्सात लिआँ येथे गेले. तेथील प्राध्यापक रने कलेर हा कंटकचर्मींचा मोठा जाणकार. त्याची पत्नी झान ही ल्युमिएर घराण्यातली. चलच्चित्राचे जनक ऑग्युस्त आणि लुई हे तिचे भाऊ. या मेहुण्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवण्यात आली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण मुंबईत बांधलेल्या बोटीने आणलेले भंगुरतारे त्याच सुमारास त्यांच्या बहिणीच्या यजमानांच्या टेबलावर होते, हे फारसे कोणी सांगत नाही. कलेरने खोल समुद्रातील भंगुरताऱ्यांवरचा पहिला वृत्तांत १८९७ साली प्रसिद्ध केला, आणि १८९९ साली इंडियन म्युझियमने त्यावरचा सचित्र ग्रंथ कलकत्त्यास काढला. हिंदी समुद्रातील कित्येक जाती जगाला तेव्हा प्रथम कळल्या.

नव्या जातीला नाव देताना शास्त्रज्ञ बहुधा कोणाचा तरी मान राखतात. या बोटीने आणलेल्या मासे-खेकड्यांत बोटीचे आणि अल्कॉकचे नाव मिरवणाऱ्या जाती आहेत. त्यात गैर काही नाही. त्या माणसाने खरोखर कष्ट केले होते. पण एखाद्या सारंगाच्या किंवा खलाशाच्या नावाने ओळखली जाणारी जात आमच्या वाचनात आलेली नाही. नांदेडच्या त्या बरणीवरच्या चिठ्ठीत जी उणीव होती, तीच उणीव या मोठ्या ग्रंथांतही आहे. ज्ञानाला आम्ही नावे ठेवीत नाही. कलेरची चित्रे आणि वर्णने आजही उपयोगी पडतात, एवढे ते काम चोख आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या ज्ञानात दहा जणांचे हात लागले ते एका नावावर जमा झाले, तर हिशेब अपुरा राहतो.

भंगुरताऱ्याची ओळख अद्याप पुरी झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २००१ साली जोअॅना ऐझेनबर्ग, गॉर्डन हेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जातीच्या हातांवरील तबकड्यांत भिंगासारखे सूक्ष्म फुगवटे दाखवले, आणि हा प्राणी या भिंगांतून पाहत असावा असे प्रतिपादन केले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०१८ साली लॉरेन सम्नर-रूनी यांच्या गटाने तपासले तेव्हा प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्या भिंगांखाली नव्हत्याच. त्या साऱ्या अंगावर पसरलेल्या होत्या. म्हणून हा प्राणी आंधळा ठरला काय? नाही. २०२० साली त्याच गटाने दाखवले की, दिवसा त्याच्या त्वचेतील गडद रंगद्रव्य पसरते, प्रत्येक पेशीपर्यंत ठराविक दिशेचाच प्रकाश येतो, आणि त्यामुळे त्याला दूरची काळी आकृती ओळखू येते. रात्री रंग फिका पडला की ही दृष्टी जाते. डोळा नाही, पण दिसते. २०१२ साली हेन्री अॅस्टली यांनी त्याची चाल मोजली. तो एक हात पुढारी करतो आणि त्याच्या दोन बाजूंचे हात वल्ह्यासारखे मारतो. दिशा बदलायची झाली तर अंग वळवीत नाही. दुसराच हात पुढारी होतो. २०२३ साली जुलिया नोटार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, दिवे मंद झाले म्हणजे अन्न येते, हा संबंध मेंदू नसलेला हा प्राणी शिकतो आणि ध्यानात ठेवतो.

पुढारी वेळेनुसार बदलतो, डोके नसता कारभार चालतो, हे ऐकून आमच्या धंद्यातल्या माणसाला उपमेचा मोह होणारच. आम्हीही एके काळी सभेत असा दाखला दिला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. आता तसे करवत नाही. भंगुरतारा आपल्याला शिकवण्यासाठी जगत नाही. तो ४८ कोटी वर्षे आपल्यावाचून जगला आहे. त्याचे कौतुक त्याच्याच गुणांसाठी करावे, आणि आपला उपदेश आपल्या जबाबदारीवर करावा.

मग या साऱ्याचे आपल्याला काय, असा प्रश्न शेवटी उरतो. मासेमारीच्या जाळ्यात हे जीव आले तर ते झटकून टाकले जातात. बाजारात त्यांना भाव नाही. पण ज्याला भाव नाही ते जाणून घेण्यासारखे नाही, हा हिशेब आम्हास मान्य नाही. त्या हिशेबाने आपल्यापैकी पुष्कळ जण जाणून घेण्यासारखे ठरणार नाहीत. औषधविक्या लिंकला जे दिसले ते दिसायला पदवी लागली नाही. लागला तो उजेडात धरलेला प्राणी आणि सवड. ही सवड मिळावी म्हणूनच लोखंड्यांनी रविवार मागितला होता.

त्या परिचराच्या वेतनश्रेणीचा प्रश्न यथावकाश सुटला. निवृत्त होण्यापूर्वी आम्ही त्याला पुन्हा भेटलो तेव्हा त्याने ती बरणी दाखवली. चिठ्ठी जुनी झाली म्हणून त्याला नवी लिहावयास सांगितली होती. त्याने लॅटिन नाव नीट उतरवले, त्याखाली मराठीत 'भंगुरतारा' लिहिले, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, द्रव बदलल्याची तारीख आणि आपली सही केली. ती सही कोणी पुसली नाही.